एका वायपरची गाडी

इंदुरात तेव्हा मोटारी म्हणजे दरबाराचं काम.
लांबलचक, चकचकीत,
नाव घेताना जीभ अडखळावी अशा.
दादांनी आणली ती त्या कंपनीतली सगळ्यात स्वस्त,
आणि तिचं नाव रोडकिंग.

वजीर मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरला.
"राजा म्हणता, वकीलसाब,
आणि मागे दिवा एकच?"
दिवा एक. उन्हाची झापड एक.
वायपरही एकच, चालवणाऱ्याच्या पुढ्यात.
दुसरा हवा तर जादा पैसे.
दादा म्हणाले, बघू पुढल्या वर्षी.

नाकावर मात्र जहाज होतं,
वीतभरही नाही, पण शिडं फुगलेली.
कान्ह नदीत घोट्याएवढं पाणी
आणि आमच्या दारात समुद्र ओलांडलेलं जहाज!
रविवारी मी ते राखेने घासायचो.
प्लिमथ हे बंदर आहे, दादा सांगत,
तिथून माणसं घरदार सोडून निघाली.

फार पुढे कुठेसं वाचलं :
नाव बंदरावरून नाही, सुतळीवरून पडलं म्हणे.
तिकडचे शेतकरी पेंढ्या बांधायचे
त्या सुतळीच्या गुंड्यावर हेच नाव छापलेलं,
तेव्हा बैठकीत कुणी म्हणालं,
हे प्रत्येक खळ्यावर आधीच पाठ आहे.
जहाज शोभेचं.
मंदीत थोरामोठ्यांच्या गाड्या गोदामात धूळ खात राहिल्या,
ही खपत गेली.
खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक.
मला सुतळी पटते.

कारण आषाढात महूच्या रस्त्याला
दादांपुढे अर्धचंद्राएवढा रस्ता असे
आणि माईपुढे नुसतं पाणी.
तिने पाहिलेलं राऊ वितळलेलं,
तिने पाहिलेले बैल बिनशिंगांचे.
एकदाच म्हणाली, मलाही दिसलं असतं तर बरं.
दादांनी मुंबईला पत्र टाकलं.
उत्तर चार महिन्यांनी आलं :
कारखान्यात सध्या गाड्या होत नाहीत,
रणगाडे होतात.

मग होता तो वायपरही बसला.
वजीर सियागंजातून गुळाच्या भेलीची सुतळी घेऊन आला,
पात्याला दोन्हीकडून बांधली,
एक टोक डाव्या खिडकीतून माईच्या हातात,
एक उजव्या खिडकीतून मागे माझ्या.
ती ओढायची, मी ओढायचो.
मला निदान दादांच्या खांद्यावरून रस्ता दिसे.
माई तशीच, पाण्याकडे बघत,
दादांची काच पुसत.

त्रेचाळीसच्या दिवाळीआधी
दादा कोर्टाच्या पायऱ्यांवरून घसरले.
कोपर जुळलं, पण वाकडं.
तारखा महूच्या, पेट्रोल कुपनावर,
ड्रायव्हरला पगार कुठला!
वजीरने माईला छावणीपलीकडच्या माळावर
एकवीस सकाळी शिकवलं.
नऊवारीचा काष्टा क्लचला बरा, असं त्याचं मत होतं.
शेजारच्या रेशमबाई खिडकी लावून घेत.
गिअर पहिल्यांदा न किंचाळता पडला त्या दिवशी
माईने भाजीत मीठ दोनदा टाकलं.

पुढच्या श्रावणात, राऊच्या अलीकडे, धो धो.
दादा डावीकडे. चांगल्या हातात सुतळी.
थोडा वेळ गेला.
"अगं, काहीच दिसत नाही."
"मला दिसतंय," माई म्हणाली. "ओढत राहा."
मागून मी माझं टोक ओढलं.
गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही,
फक्त पातं, जाताना कर्र, येताना कर्र.
मग दादांनी विचारलं,
"तुला हे असंच दिसायचं?"
माई वळण घेत होती.

पन्नास साली धान्याच्या एका आडत्याने ती नेली.
तोवर जहाजाचं शीड तुटलेलं,
मागचा दिवा कंदिलाच्या काचेचा.
त्याने टायर दाबले, भाव पाडला, नोटा मोजल्या.
दुसरा वायपर शेवटपर्यंत आला नाही.
किल्ली देताना माईने त्याला एवढंच विचारलं,
"तुमच्याकडे डावीकडे कोण बसतं?"